पाहुण्याची खुर्ची

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, एक वळकटी आणि आईने बळेच गळ्यात मारलेला कुकर घेऊन बसमधून उतरले तेव्हा कंडक्टरने विचारलंच, बाई बदली झाली की भांड्यांचं दुकान टाकताय? म्हटलं, दोन्ही.

क्वार्टर बघून मात्र जीव भांड्यात पडला. वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, ओट्यावर खिडकी. खिडकीतून आश्रमाची कपडे वाळत घालायची तार दिसते आणि तारेवर सगळ्या म्हाताऱ्यांचे पायमोजे. आईला हे फार आवडेल. तिला दुसऱ्यांच्या तारेवर काय वाळतंय हे बघण्यासारखं सुख नाही. बाबा गेल्यापासून ती दादाकडे आहे. दादा-वहिनी वाईट नाहीत, पण तिथे ती चहासुद्धा विचारून करते. आपल्या आईने विचारून चहा करावा हे मला बघवत नाही. ही नोकरी मी घेतली ती या दोन खोल्यांसाठी. महिनाअखेरीला तिला घेऊन येते.

मेट्रनबाई उंच, शिस्तीच्या, चष्मा साखळीला. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हेडमास्तरीण ठेवलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, की वेगळ्या चालीरीतींच्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा कशी कराल? मी त्यातच खास प्रशिक्षण घेतलेलं. विचारायचा अवकाश, सुरूच झाले. त्यांना विचारून करायचं, आपली फूटपट्टी त्यांना लावायची नाही, त्यांच्या रीतीचा मान ठेवायचा. हेडमास्तरणीने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, मला हीच बाई हवी.

बुधवार, ६ फेब्रुवारी

माझा मजला पहिला. इथे सगळे ‘पलीकडचे’. डोंगरापलीकडून खाणीत कामाला आलेल्या लोकांची ही शेवटची पिढी. त्यांची मुलं-नातवंडं आपल्यासारखीच बोलतात, आपल्यासारखीच गाड्यांचे हप्ते भरतात. हे म्हातारे मात्र अंगाने इथे आणि मनाने अजून तिकडे.

मजल्यावर मदतीला एक मावशी आहेत, पायात स्लीपर आणि तोंडात अखंड बडबड. त्यांनीच मला सगळ्या रीती सांगितल्या. आंघोळ घालताना आधी पाय धुवायचे, मग हात. डोक्यावरचं फडकं कधीही काढायचं नाही, केस धुवायचे तरी त्याच्या आतून. वाटी हातात द्यायची नाही, पुढ्यात ठेवायची. मग ते ती आपणहून उचलतात. आणि प्रत्येक पलंगाशी एक रिकामी लाकडी खुर्ची, दाराकडे तोंड करून. तिच्यावर कुणी बसायचं नाही, टॉवेलसुद्धा टाकायचा नाही.

मी विचारलं, का हो? मावशी म्हणाल्या, ते आपल्याला काय करायचंय. मागे जागा होत नाही म्हणून त्या खुर्च्या गच्चीवर टाकल्या होत्या, तर सगळ्या मजल्याने अन्नपाणी सोडलं. तेव्हापासून हेडमास्तरणीचा हुकूम आहे (मावशीही तेच नाव वापरतात, आमचं जमणार): जे सांगतील ते करा, का म्हणून विचारू नका, त्यांना वाईट वाटतं.

मला हे पटलं. प्रशिक्षणातही असंच काहीसं होतं. त्यामुळे इथे भरवणं, मलमपट्टी, नखं कापणं, सगळं उभ्याने. बूड टेकायची सोय नाही. नर्सला तशीही ती कुठे असते!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

खिडकीपाशी एक म्हातारी आहे. मी तिला राणीसरकार म्हणते. आधीच्या दोन सिस्टर तिने रडवून घालवल्या म्हणे. पहिल्या दिवशी मी पाय धुतले तर नाक मुरडलं, पाणी कोमट होतं. दुसऱ्या दिवशी गरम, तर पुन्हा नाक. तिसऱ्या दिवशी मी तांब्या तिच्या हाताला लावून आधी तिला तपासायला दिला. बाई गालात हसली. आता तिच्या भेगाळलेल्या टाचांना मी तेल लावते आणि ती मला तिच्या भाषेत यथेच्छ शिव्या घालते. त्या शिव्याच आहेत हे तिच्या नातीने सांगितलं.

नात बेकरीत काम करते, दुपारची पाळी संपली की पिठाच्या हातांनीच येते. तीही उभीच राहते. तिच्यामुळे राणीसरकारांचं म्हणणं कळतं. काल त्यांनी निरोप दिला, की या मुलीच्या हाताला माया आहे पण चालते हत्तीसारखी. मी फोनवर आईला सांगितलं तर आई म्हणाली, बरोबर बोलली, मला भेटव तिला.

पाठ दुखते आहे. वाकून वाकून कंबरेचा काटा मोडलाय. पण मी खूश आहे, खरंच.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

राणीसरकार गेल्या.

आठवडाभर ताप, छातीत कफ. डॉक्टर म्हणाले होते उतरतोय. पण खाणं तुटलेलं. चमच्याने पेज घेत होती, एक घोट, मग बराच वेळ काही नाही, मग एक घोट. आज दुपारी ऊन छान आत आलं होतं. मावशी धुणं आणायला गेल्या होत्या. मी वाकून भरवत होते आणि कंबरेतून अशी कळ आली की वाटी सांडायची वेळ आली. समोर खुर्ची होती. मला वाटलं, मान माणसाचा ठेवायचा की लाकडाचा? ही पोटात चार घोट घेईल की नाही हे महत्त्वाचं.

बसले.

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! लांबच्या गावाहून कुणी घरचं यावं तसा. डोक्यावरचं फडकं नीट केलं, उशीवर सरळ झाली, सगळी पेज प्यायली. मग माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की आता लिहितानाही लाज वाटते. वाटी धुवून परत आले तोवर संपलं होतं. चेहऱ्यावर ते हसू तसंच.

रडले. इतक्या वर्षांत पेशंटसाठी रडायचं सोडलं होतं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

नात आजीचं सामान न्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, खुर्चीवर बसल्याचंसुद्धा. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. ती मागे मागे सरकत दारापर्यंत गेली आणि तिथूनच बोलली.

ती म्हणाली, ती खुर्ची पाहुण्याची. शेवटी न्यायला जो येतो त्याची. त्याला उभं राहावं लागू नये, त्याने चिडून ओढून नेऊ नये, म्हणून मांडून ठेवायची. ती रिकामी आहे तोवर माणसाला वेळ आहे. जो तिच्यावर बसतो, त्याच्याकडे ते बसणं येतं. मग तो कुठल्याही आजाऱ्याशेजारी बसला, कसल्याही स्टुलावर बसला, तरी तो पाहुणाच.

मी म्हटलं, आणि हे उतरायचं कसं? तर त्याच खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की ते बसणं त्याच्याकडे जातं. खुर्ची जाळली, मोडली, तर ते माझ्याकडेच राहणार, कायमचं. म्हणून ती घरी घेऊन जा आणि सांभाळा, असं बजावून ती निघाली. मी जिन्यापर्यंत तिच्या मागे गेले. विचारलं, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? ती म्हणाली, सिस्टर, तुम्ही लोक इतकं सगळं विचारता, पाणी गरम की कोमट, पाय आधी की हात. हे कुणी विचारलंच नाही.

मी शिकलेली बाई आहे. न्यूमोनियाने म्हातारी माणसं जातात. खुर्ची तिथेच राहू दिली.

रविवार, २४ फेब्रुवारी

आज तळमजल्यावर बदलीची ड्युटी होती. तिथे पलीकडचे कुणी नाहीत. एक शिंपीकाका आहेत, खुब्याचं हाड जुळत आलेलं, येत्या आठवड्यात घरी सोडणार होते. विनोदी माणूस. माझ्या युनिफॉर्मची शिलाई बघून म्हणाले, कुणी शिवलाय, गवंड्याने? त्यांच्या पायाची नखं कापायची होती. मी स्टूल ओढलं आणि बसले. काही मनातसुद्धा नव्हतं.

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला. आणि तेच हसू.

कात्री माझ्या हातातच होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

काकांना तर पलीकडच्या लोकांची रीत ठाऊकही नव्हती.

सोमवार, २५ फेब्रुवारी

खुर्ची घरी आणली. हेडमास्तरीण ती स्टाफरूममध्ये ठेवणार होत्या. तिथे मावशी डबा खायला बसतात. मी म्हटलं, मला द्या, आई येतेय, घरात बसायला काही नाही. त्या म्हणाल्या, घेऊन जा. भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे आणि वर न धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

आईचं तिकीट रद्द करू का? दादाची बदली झाली आहे, त्यांचं घर आवरून झालंय. ती कुठे जाणार?

गुरुवार, २८ फेब्रुवारी

पहिल्या मजल्याला कळलंय. कुणी सांगितलं देव जाणे. मी शिरले की सगळे कपडे सारखे करतात. डोक्यावरची फडकी नीट होतात. कोपऱ्यातल्या आजींनी आज शेजारची खुर्ची हाताने पुसली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी औषधाचा ट्रे ठेवून पळाले.

मजल्यावर एक पाथरवट आजोबा आहेत, त्यांचा मुलगा ट्रक चालवतो. आजोबांच्या हाडांत कॅन्सर आहे, इंजेक्शनही आता लागू पडत नाही, ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू येतं. एवढा दांडगा माणूस, मला जिन्यात गाठून हात जोडून म्हणाला, की ताई, आमच्या आबांजवळ जरा बसा. मी म्हटलं, असलं काही माझ्याकडून होणार नाही. तो म्हणाला, त्रास बघवत नाही हो ताई. मला तरी कुठे बघवतोय?

शनिवार, २ मार्च

आई आली. आल्या आल्या खिडकीत उभी राहून पायमोजे मोजले. एक कमी आहे म्हणाली. सोबत आणलेली भांडी लावली, मला न विचारता चहा केला. तो चहा पिताना मला रडू आलं आणि मी वाफेवर ढकललं.

मी घरात बसत नाही. जेवते ओट्याशी उभी राहून. सांगितलंय, पाठीचा डॉक्टर म्हणाला बसणं वर्ज्य. आई म्हणते, घोडी झाली आहेस, आता नाल ठोकून घे. ती पलंगावर पडली की मी दुसऱ्या खोलीत जाते. ती आजारी नाही, ठणठणीत आहे, पण कोण सांगणार कुठून सुरू होतं ते.

त्या कपड्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं आहे. खुर्ची मोडकी आहे, बसायचं नाही, हेही.

मंगळवार, ५ मार्च

पाथरवट आजोबांजवळ बसले.

मुलगा पायावर डोकं ठेवून रडत होता. आजोबांचा आवाजसुद्धा संपला होता, नुसतं तोंड उघडं. मी ठरवून बसले, हे खोटं नको लिहायला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओरडणं आवरतं घेतल्यासारखं मिटलं. हसले. फार गोड हसले.

मग हेडमास्तरणीने बोलावलं. वाटलं, बरं झालं, आता काढून टाकतील. त्यांनी चहा मागवला. मी उभीच. म्हणाल्या, नातेवाईकांकडून तुझी मागणी येते आहे, तू शेवटी जवळ बसावंस असं त्यांचं म्हणणं आहे. परक्या रीतीचा इतका आदर मी कुठल्याच नर्समध्ये बघितला नाही. पुढच्या महिन्यात इतर आश्रमांच्या मेट्रन येणार आहेत, त्यांच्यापुढे बोलशील?

आणि चार पलंगांची नावं सांगितली. आधी यांच्याकडे बघ म्हणाल्या. बाहेर लोक थांबलेत प्रवेशासाठी.

हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी साधा होता. मला त्या चेहऱ्याचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवार, ८ मार्च

आईला ताप.

सगळं उभ्याने केलं. पट्ट्या, काढा, औषध. ती म्हणाली, टेक गं जरा. मी म्हटलं, पाठ. ती म्हणाली, मावशी आल्या होत्या, सांगत होत्या की लेक तुमची मोठी पुण्यवान, परक्या म्हाताऱ्यांचे हात धरून बसते. मग आईच्या उशाशीच तुझी पाठ दुखते का?

काय सांगू? भिंतीकडे तोंड करून झोपली. पाय थरथरतायत माझे. बसायचं नाही. काही झालं तरी बसायचं नाही.

रविवार, १० मार्च

आई बरी झाली! ताप नाही. भाकरी मागितली. मी ओट्याला धरून हसले आणि रडले, दोन्ही.

पण असं किती दिवस? परत आजारी पडेल ती. म्हातारी आहे. कधीतरी डोळा लागेल, मी खाली बसेन, तिच्याशेजारी. नुसती बसेन.

त्याच खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर उतरतं.

सोमवार, ११ मार्च

हेडमास्तरणीला घरी चहाला बोलावलं. गुरुवारी. आईला भेटायचंच होतं म्हणाल्या.

आईला एवढंच सांगितलं, की आमच्या मेट्रनबाई येणार आहेत.

माझा हात कापला नाही हे लिहिताना. त्यांनी मला चार पलंगांची नावं सांगितली. त्यांचाही नाही कापला.

बुधवार, १३ मार्च

आईचाच ताप आता मला. जिन्यात पडले. मावशींनी घरी आणून टाकलं पलंगावर. आडवी आहे— कितीतरी दिवसांनी आडवी. डॉक्टर म्हणतात छातीत आहे, दोन-चार दिवसांत—

उद्या त्या येतील. उद्या येऊन बसल्या की झालं. मग मी मोकळी. मग आईच्या उशाशी पोटभर बसेन.

गुरुवार, १४ मार्च

उठले तर खोली लखलखीत. कपडे धुवून, घडी करून— फळीवर. आई पहाटेपासून लागली आहे. पाहुण्या यायच्यात ना, म्हणते.

खुर्ची पुसली आहे. तेल लावून. चांगली धड तर आहे, मोडकी कुठे, म्हणते. दाराकडे तोंड करून—

ओरडले. आवाज निघत नाही. घशात कफ. आई, ती नको. आई, ती लांब—

ती म्हणाली, किती तापलीस गं. म्हणाली, तू माझ्यासाठी दोन दिवस उभी होतीस—

ओढली. माझ्या पलंगाशी.

बसली.

अजून लिहिता येतंय. वही उशाला होती. ती म्हणते, ठेव ती आता, डोळे मिट. मी म्हणते ऊठ. ती म्हणते, उठते, तुझा डोळा लागला की.

तिला कुणी सांगा. कुणीतरी तिला सांगा, की यापुढे— शेजारणीच्या बाळाजवळ, दादाजवळ— तिला आजाऱ्याशेजारी बसायची सवयच आहे— ती बसेल. ती सगळ्यांजवळ बसेल—

केस नीट करावेसे वाटतायत. मी नाही करत. हात आपोआप—

भीती गेली. का गेली? ती राहू दे, मला ती हवी—

किती लांबून आल्यासारखी दिसते आई. किती छान दिसते. मी हसत नाहीये, हे मी नाही, मी—

आई, बरं झालं आलीस, मी कधीची वाट